बाराशे भाकऱ्या

मी तीन वर्षं सोलापुरात डेटा सायन्स शिकले. हे शास्त्र नेमकं काय आहे ते पहिल्या वर्षी मला कळलं नाही, दुसऱ्या वर्षी कळल्यासारखं वाटलं, आणि तिसऱ्या वर्षी ज्या बाईने ते मला समजावून दिलं ती चौथीपर्यंत शाळेत गेली होती. ती माझी आत्या. बाबांनी आमच्या वैराग गावाहून आणून मला तिच्या घरी सोडलं, तेव्हा त्यांच्या एका हातात माझी बॅग होती आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली प्रवेशाची पावती. वैरागला त्यांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. हाताला लागेल तो कागद ते लॅमिनेट करत. आमच्या घरी किराणा मालाची यादीसुद्धा न भिजणारी होती.

आत्याचं घर म्हणजे दीड खोली आणि तिच्यापुढे पत्र्याची लांब पडवी. त्या पडवीत आत्या आणि शेजारच्या दोघीजणी कडक भाकऱ्या करायच्या. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत पार कुरकुरीत करायची. अशी भाकरी महिनाभर टिकते. बाजारातला एक दुकानदार रोज सकाळी माणूस पाठवून बुट्टीभर, म्हणजे मोठी टोपलीभर, भाकऱ्या घेऊन जायचा. पहाट झाली की तीन काटवटींवर, म्हणजे लाकडी परातींवर, थापणं सुरू व्हायचं आणि त्या आवाजात मी अभ्यास करायचे. पुढे पुण्याला गेल्यावर शांत खोलीत मला एक ओळ वाचता येईना. सगळीकडे पीठ असायचं. माझ्या लॅपटॉपच्या बटणांत ज्वारीचं पीठ जाऊन बसलं होतं आणि दुरुस्तीवाल्याने ते झटकून काढताना मला विचारलं होतं, की ताई, तुम्ही याच्यावर नक्की काय करता?

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते, पण एसटी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरात बसायला जागा असली तरी ते दाराची चौकट धरून उभे राहायचे. जेवताना बोलायचे नाहीत. वाटीने ताटावर एकदा टण् केलं की बास, दोनदा टण् टण् केलं की अजून एक भाकरी वाढ. बसच्या घंटीचा नियम त्यांनी जेवणाला लावला होता आणि आत्याही कुठे असेल तिथून तो आवाज ओळखायची. ताटात भाकरी कुस्करून, तिच्यावर दही आणि शेंगाची चटणी घालून ते इतक्या तल्लीनतेने जेवायचे, की त्यांच्याकडे बघून आपल्यालाही भूक लागावी.

त्या घरात एकच कायदा होता. अन्नाला नावं ठेवायची नाहीत. तसा तो पुष्कळ घरांत असतो, पण आत्याकडे त्याची अंमलबजावणी होती. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "आत्या, आमटी खारट झालीय." आत्याने हातातलं उलथणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "माफी माग." मी म्हणाले, "सॉरी आत्या." तर म्हणे, "माजी न्हवं. तिची." मी वयाच्या अठराव्या वर्षी, बारावीला गणितात चांगले मार्क मिळवून, वाटीतल्या आमटीची माफी मागितली. मामा म्हणाले, "मोठ्यानं म्हन की, तिला ऐकू गेलं न्हाय." तेव्हापासून तीन वर्षं माझ्या तोंडून अन्नाबद्दल वाकडा शब्द गेला नाही, आणि पुढे पुढे तर तो मनातही येईनासा झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझं वर्ष जायची वेळ आली ती हिच्यापायीच.

कॉलेजात आम्ही जे शिकत होतो ते सगळं परदेशातून तयार होऊन आलेलं होतं. एका फुलाच्या पाकळ्यांच्या लांबीरुंदीचे आकडे होते. त्यावरून ते फूल कुठल्या जातीचं ते ओळखायचं. आत्याने विचारलं, "वास येतो का त्याला?" मला माहीत नव्हतं. ते फूल वर्गात कोणीच पाहिलेलं नव्हतं, सरांनीही नाही. मग एक बुडालेलं जहाज होतं. त्यातल्या प्रवाशांची यादी घेऊन कोण वाचेल याचा अंदाज बांधायचा. मामांना प्रवासी म्हटल्यावर राहवलं नाही. ते चौकट सोडून माझ्याजवळ आले. "ते जहाज बुडालंय न्हवं?" मी हो म्हणाले. "कोन मेलं, कोन वाचलं, समद्यांना ठाऊक हाय?" हो. "मग तुमी आता नव्यानं कुनाला वाचवायलाय?" मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "तिकिटं तरी समद्यांची निघाली होती का, ते बघ." आता इतकी वर्षं याच धंद्यात घालवल्यावर मला मामांचे दोन्ही प्रश्न रास्त वाटतात.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला. आमचे सर मूळचे इलेक्ट्रॉनिक्सचे. ते आमच्या दोन धडे पुढे राहून हा विषय शिकवत होते आणि तसं मोकळेपणाने सांगायचेही. ते म्हणाले, "लोकल प्रॉब्लेम घ्या. युनिक पाहिजे. फूल नको, जहाज नको." माझी जोडीदार होती श्रीलता. तिच्या घरी टॉवेलचे माग होते, घरात तेलुगू बोलायचे आणि ती माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायची. त्याच सुमारास पुण्याची एक कंपनी कॉलेजात आली आणि अख्ख्या वर्गातून आम्हा दोघींना निवडून गेली. अट एकच: जुलैपर्यंत पास होऊन हजर व्हायचं. नाहीतर जागा दुसऱ्याला. कंपनीचं पत्र आलं त्याच दिवशी बाबांनी ते लॅमिनेट करून दुकानात काउंटरच्या वर लावलं. आता वैरागमध्ये झेरॉक्स काढायला येणारा प्रत्येक माणूस ते वाचूनच परत जायचा. नापास झाले तर त्याच पत्राखाली बसून मला झेरॉक्स काढाव्या लागणार होत्या.

म्हणून आम्ही भाकरी घेतली. फोटो बघून भाकरी चांगली की वाईट ते सांगणारं यंत्र. सरांना कल्पना एवढी आवडली की त्यांनी तासाभरात ती स्वतःची म्हणून प्राचार्यांना सांगितली. पडवीत एक स्टूल उलटं टांगून त्याला श्रीलताचा मोबाईल बांधला. आत्या तव्याशी बसायची आणि तिच्या शेजारीच आमचा पाट. बुट्टीतली एकेक भाकरी मी पाटावर ठेवायची, श्रीलताने फोटो काढायचा आणि मी विचारायचं, "आत्या, ही कशी?" आत्या न चुकता मान वळवून बघायची आणि म्हणायची, "चांगली." श्रीलता मोठ्याने म्हणायची, "एक." मी वहीत एक लिहायचे. चांगलीला एक आणि वाईटला शून्य, असं आमचं ठरलं होतं. फोटोंच्या कडेला परात, आत्याचा हात, मामांचा पाय असं काय काय यायचं. यंत्राने भाकरी बघायची असते, पडवी नाही, म्हणून श्रीलता त्या कडा रोज कापून टाकायची. सहा आठवड्यांत बाराशे फोटो झाले. वहीत बाराशे एक होते.

श्रीलताने एकदा विचारलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. "अगं शीतल, सगळ्याच कशा चांगल्या? आमच्या मागावरसुद्धा रोज दोनचार टॉवेल बाद निघतात." मी तिच्यावर एवढी चिडले की दोन दिवस बोलले नाही. माझ्या आत्याच्या हातची भाकरी आणि बाद? बारावीचं गणित, तीन वर्षांचं स्टॅटिस्टिक्स, सगळं माझ्या डोक्यात होतं, पण भाकरीला वाईट म्हणता येतं हेच डोक्यात येत नव्हतं. यंत्र बाराशे फोटोंवर शिकलं आणि आम्ही तपासलं तर शंभरापैकी शंभर बरोबर. सर खुर्चीवरून उठले. "हंड्रेड पर्सेंट! मी आयुष्यात बघितलं नाही असं!" त्यांनी बालुशाही मागवली. कॉलेजच्या दारावर आमच्या दोघींचा फ्लेक्स लागला आणि आमच्या फोटोंच्या मधोमध भाकरीचा फोटो होता, आमच्या चेहऱ्यांपेक्षा मोठा.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. बारीक चणीच्या, हातात स्टीलची पाण्याची बाटली. आम्ही भाकरी कॅमेऱ्याखाली ठेवली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'चांगली'. सरांनी टाळी वाजवली. बाईंनी भाकरी उचलली आणि तिच्या जागी आपली बाटली ठेवली. 'चांगली'. त्यांनी रुमाल ठेवला. 'चांगली'. हजेरीचं रजिस्टर ठेवलं, माझी चप्पल काढायला लावून ठेवली. 'चांगली', 'चांगली'. मग त्यांनी सरांना म्हटलं, "जरा वाकता का?" आणि सरांचं डोकं कॅमेऱ्याखाली आणलं. 'चांगली'. सर वाकल्या वाकल्या क्षणभर खूश झाले, ते मला दिसलं. बाई म्हणाल्या, "याला नाही म्हणता येतं का?" त्यांनी वही चाळली. पानामागून पान नुसते एक. "ही लेबलं कोणी दिली?" मी म्हणाले, "आत्याने." बाई म्हणाल्या, "मी उद्या चारपर्यंत इथे आहे. आत्यांना सकाळी घेऊन या, भाकऱ्या घेऊन. एक तरी खरं लेबल दिसलं नाही तर मला नापास लिहावं लागेल."

संध्याकाळी मी आत्याच्या पुढ्यात बसले. म्हणाले, "आत्या, उद्या फक्त एका भाकरीला वाईट म्हण. एकच." आत्या पीठ चाळत होती. ती म्हणाली, "शितले, तुज्यासाटी मी कायबी करीन. पन जिच्यावर घर चाललं तिला भर कालिजात वाईट म्हनू व्हय?" मी रडले, पाया पडले, कंपनी, जुलै, बाबांचं पत्र, सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण मान हलेना. मग मी म्हणाले, "तुझ्या या चांगुलपणामुळे माझं वर्ष जाणार आहे." चाळणी थांबली. ते वाक्य मी बोलले नसते तर बरं झालं असतं. आजही आठवलं की लाज वाटते.

सकाळी रिक्षातून आम्ही चौघं निघालो. आत्या, मामा, मी आणि मांडीवर बुट्टी. बुट्टीलाच सगळ्यात जास्त जागा दिली होती. मामांनी कंडक्टरचा खाकी शर्ट घातला होता. सरकारी कामाला ते तोच घालायचे. लॅबमध्ये एसी होता, म्हणून दोघांनी चपला बाहेर काढल्या आणि आत्याने दाराला नमस्कार केला. बाईंनी विचारलं, "आत्या, यातली वाईट भाकरी दाखवता का?" आत्या म्हणाली, "अन्नाला वाईट म्हनू न्हाय बाई." सरांनी डोक्याला हात लावला. बाईंनी पुन्हा विचारलं. आत्याने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ओठ हलले, आणि मला वाटलं आता ती माझ्यासाठी म्हणणार. आणि त्या क्षणी, खरं सांगते, तिने म्हणू नये असं मला वाटलं. पास व्हायचं होतं, पण तिच्या तोंडून तो शब्द काढून नव्हे. मी म्हणाले, "राहू दे आत्या."

मग बाईंनी दोन टेबलं जोडली आणि म्हणाल्या, "बरं, काही म्हणू नका. घरी भाकऱ्या झाल्या की तुम्ही त्या कशा लावून ठेवता, तेवढं करा." आत्याने पदर खोचला. मग तिचे हात चालू लागले. एक भाकरी इकडे, एक तिकडे, विचार न करता, पत्ते वाटावेत तशा. पाच मिनिटांत टेबलावर चार चळती उभ्या राहिल्या. बाईंनी पहिलीकडे बोट केलं. आत्या म्हणाली, "ही दुकानात जायची." दुसरी? "ही घरची." तिसरी? तिसऱ्या चळतीतल्या भाकऱ्या जाड होत्या, वाकड्या होत्या, एकदोन मधून तडकलेल्या. आत्या सहज म्हणाली, "ही ह्यांची." आणि चौथी गाईची.

मामा दाराची चौकट धरून उभे होते. ते हळूहळू टेबलापाशी आले. आधी तिसरी चळत बघितली, मग गाईची बघितली, मग दोन्हींमधलं अंतर बघितलं. "चाळीस वर्सं," ते म्हणाले. "गाईच्या वर एकच पायरी?" आत्या म्हणाली, "तुमी कुस्करून तर खाताय. गोल असली काय आन् वाकडी असली काय, तुमाला काय फरक पडतोय?" मामांनी तिसऱ्या चळतीवरची भाकरी उचलली, उलटून बघितली आणि परत ठेवली. एवढं पटणारं कारण त्यांना चाळीस वर्षांत कोणी दिलं नसावं. परीक्षक बाई पाठमोऱ्या होऊन पाणी पिऊ लागल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग आत्याला कॉम्प्युटरपुढे बसवलं. बाराशे फोटो एकामागून एक पडद्यावर येऊ लागले आणि आत्या सांगू लागली. "दुकान. दुकान. घर. हे. दुकान. गाय. हे." कुठेही अडली नाही. श्रीलता लिहीत होती, 'हे'च्या जागी 'मामा', आणि मामा शेजारी उभे राहून आपल्या नावाची प्रत्येक भाकरी वाकून बघत होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी लेबलं झाली, साडेतीनला यंत्र शिकून तयार झालं. आता शंभरातल्या तीस चुकत होत्या. बाई म्हणाल्या, "हे खरं आहे." सर हळहळत राहिले, कारण फ्लेक्सवर शंभर छापलं होतं. मग बाईंनी कालच्यासारखंच पुन्हा सरांना वाकायला लावलं. यंत्राने विचार केला आणि सांगितलं, 'मामा'. मामा सरांकडे बघून म्हणाले, "या. बसा शेजारी."

आम्ही पास झालो. पण सही करता करता बाई थांबल्या. "आत्या, एक राहिलं. बाराशे फोटोंत करपलेली एकही नाही. तवा आहे म्हणजे करपणारच." आत्या म्हणाली, "ती कशी येईल फोटोत? ती बुट्टीत जातच न्हाय की. तव्यापाशीच संपती." "कोण संपवतं?" आत्याने पदर सारखा केला. "मी खाते. मला आवडती करपलेली." बाईंनी तिच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि रिपोर्टवर एक ओळ लिहिली: 'एक प्रकार नोंदीत आलेलाच नाही.' त्या रात्री मामांना पहिल्या चळतीतली भाकरी वाढली. त्यांनी ती कुस्करली, दही घातलं, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "मला माजीच दे." मग दोनदा टण् टण् केलं.

आता आत्या नाही, मामाही नाहीत. माझे केस पांढरे झाले. मागच्या वर्षी श्रीलता माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिने तिची जुनी हार्डडिस्क आणली. तिच्यात ते बाराशे फोटो होते. कडा कापायच्या आधीचे, मूळ. आम्ही दोघी चष्मे लावून बसलो. पाटावर भाकरी, आणि फोटोच्या डाव्या कोपऱ्यात आत्याचा हात. हातात काळा तुकडा. पुढच्या फोटोत नाही, त्याच्या पुढच्यात आहे. मग आहे, आहे, नाही, आहे. सहा आठवडे आम्ही तिच्या हाताएवढ्या अंतरावर बसून चांगली की वाईट विचारत होतो आणि उत्तर रोज संध्याकाळी कापून फेकत होतो. एका फोटोत तो तुकडा चटणीत बुडवलेला होता, चांगली भरपूर चटणी. श्रीलता म्हणाली, "बघ, खरंच आवडत असेल." मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. मी ढसाढसा रडले.

मग उठून मी ज्वारीचं पीठ काढलं. भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि काळी होईपर्यंत तिथेच ठेवली. घरभर धूर झाला. श्रीलता खिडक्या उघडत सुटली. मी तव्यापाशीच बसून तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि खाल्ला. कडू जहर. घशाखाली उतरेना. श्रीलताने विचारलं, "कशी?"

"चांगली," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "एक."